विद्यार्थ्यांचा उत्साह आणि व्यायामाची मात्रा

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की औषधांच्या दुकानांत ब्राह्मी, शंखपुष्पी व सारस्वतारिष्ट यांची मागणी वाढते आणि ‘मुलाचे मन अभ्यासात लागत नाही’ ही तक्रार घेऊन पालक चिकित्सालयात येतात. अशा वेळी आपण ‘थोडा व्यायामही कर’ असे सहज सांगून मोकळे होतो. मात्रा, काल व प्रकृती न पाहता आपण गुग्गुळ देत नाही. व्यायाम मात्र देतो!

चरकाचार्यांनी लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य व दुःखसहिष्णुता ही व्यायामाची फले सांगितली आहेत. विद्यार्थ्याला हवे ते हेच. परंतु त्याच अध्यायात अतिव्यायाम व अतिजागरण एकाच पंक्तीत निषिद्ध ठरविले आहेत, याचे विस्मरण एकदा माझ्याकडूनच झाले. बारावीचा एक कृश, वातप्रकृतीचा विद्यार्थी रात्री २ वाजेपर्यंत जागत असे. त्याची निद्रा न विचारताच मी पहाटे ५० सूर्यनमस्कार व जोर सांगितले. दहाव्या दिवशी वडील म्हणाले, “वैद्यराज, आता तो पुस्तकही उघडत नाही, नुसता चिडतो.” जोर बंद केले, अभ्यंग व वेळेवर निद्रा सांगितली आणि सायंकाळी मित्रासमवेत अर्धा तास चालावयास लावले. तीन आठवड्यांनी तो पुन्हा नियमित अभ्यासास बसू लागला. देहास फार पीडा न देणारे चंक्रमण मेधा व अग्नी वाढविते आणि इंद्रियांस जागविते, हे सुश्रुताचार्यांचे मत येथे प्रत्ययास आले.

याउलट स्थूल, दुपारी झोपणारा, तंद्रायुक्त कफप्रकृतीचा मुलगा केवळ चालण्याने हलत नाही. वसंतात तर कफ प्रकुपित होतो. त्यास खो-खो, कबड्डी, दोरीवरच्या उड्या असा जोमदार व्यायाम योजावा. सवंगडी असले म्हणजे आळसही सुटतो.

दोघांनाही मर्यादा अर्धशक्तीचीच. श्वास मुखाने येऊ लागणे हे सुश्रुतोक्त लक्षण मुलांना सहज समजते. बोलणे कठीण व्हावे इतका श्वास वाढला की बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटू लागतो, असे आधुनिक व्यायामशास्त्रही सांगते. थांबल्यावर बरे वाटते खरे. पण करताना जे वाटले त्यावरच तो उद्या पुन्हा करावासा वाटणे पुष्कळ अवलंबून असते. म्हणून दोन-तीन योग्य प्रकार सांगून निवड विद्यार्थ्यावरच सोपवावी.

औषधालयाच्या चालकांनीही बाटली देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: रात्री झोप किती, आणि खेळ बंद करून किती दिवस झाले? दुसऱ्या प्रश्नावर बहुधा पालकच खाली पाहतात.