पहिली भेट, दिवसाउजेडी

बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा अनोळखी पुरुषांना भेटू लागले. घटस्फोट आता जुना झालाय, मुलगी नोकरीला लागलीय, आणि सुट्टीची दुपार घरात एकटीने संपता संपत नाही. कधी मैत्रिणीच्या ओळखीतून गाठ पडते, कधी ॲपवरून. या भेटींतून एक गोष्ट मला पक्की कळली. दोघांपैकी कुणालाही, कधीही, संकोच न वाटता उठून जाता येईल अशी भेट आखली, की माणसं मोकळेपणी बोलतात. पुढचं सगळं त्यातूनच आलंय. मी ठाण्यात राहते, म्हणून उदाहरणं मुंबईची.

१. सकाळी अकराची वेळ धरावी.

संध्याकाळी माणूस कामावरून थकून आलेला असतो, गाड्यांना गर्दी असते, आणि नऊ वाजले की परतीचं डोक्यात सुरू होतं. शिवाय संध्याकाळच्या भेटीला न बोललेल्या अपेक्षा चिकटतात. सकाळी तसं होत नाही. अंघोळ, चहा, पेपर उरकून दोघं ताजे येतात आणि दुपारी आपापल्या घरी जेवायला पोचू शकतात.

२. रविवार टाळावा, शनिवार घ्यावा.

रविवारी मध्य रेल्वेच्या मुख्य आणि हार्बर मार्गांवर बहुतेक वेळा दिवसा मेगाब्लॉक असतो, पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, काही रद्द होतात, आणि आपण घामेजून, माफी मागत भेटीच्या जागी पोचतो. पहिल्या पाच मिनिटांत माफी मागावी लागली की पुढचा अर्धा तास सावरण्यात जातो. बँकेत काम करणाऱ्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा असतो, तो उत्तम.

३. प्रवास दोघांना सारखा पडावा.

मी मध्य रेल्वेवर, समोरचे बहुधा बोरिवली-कांदिवलीकडचे. दादर सोयीचं खरं, पण तिथे आत्या, वहिनी, जुन्या ऑफिसातली मंडळी कुणीही भेटतं, आणि मग ओळख काय करून द्यायची हा प्रश्न दोघांच्याही चेहऱ्यावर दिसतो. त्यापेक्षा फोर्ट बरा. मी सीएसएमटीला उतरते, ते चर्चगेटला, आणि दोघं चालत काळा घोड्याला येतो. पावसाळ्यात जहांगीर आर्ट गॅलरी अगदी योग्य. १९५२ पासूनची ही गॅलरी अकराला उघडते, प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि कितीही वेळ थांबलं तरी कुणी उठवत नाही. चित्र आवडलं की नाही, यावरून माणूस बरंच कळतो. मतभेद झाला तर तो ज्या पद्धतीने होतो, त्यावरून त्याहून जास्त.

४. थंडीत राणीची बाग.

माझं आवडतं ठिकाण हेच. भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून चालत पोचता येतं. मुंबईतल्या मराठी माणसाने लहानपणी एकदा तरी ती शाळेच्या सहलीत पाहिलेली असते, त्यामुळे बोलायला पहिला विषय आयता मिळतो. ‘तुमच्या वेळी हत्तीवर बसवायचे का?’ इथून सुरुवात झाली की समोरच्याची शाळा, चाळ, भावंडं आपोआप बोलण्यात येतात. समोरासमोर टेबलाशी बसून हीच माहिती विचारली तर ती मुलाखत होते.

बागेत शेजारी-शेजारी चालता येतं, आणि या वयात मला ते फार मोलाचं वाटतं. डोळ्यांत डोळे घालून बोलायचा ताण नसतो. बोलणं आटलं तर बघायला गोरखचिंचेचं अवाढव्य खोड आहे, कैलासपतीची बुंध्यालाच लगडलेली फुलं आहेत. दर थोड्या अंतरावर बाक आहेत, म्हणजे गुडघ्यांचं न बोलताच भागतं. एकेकाळी फोर्टात उभा असलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे मूळचा काळा घोडा, १९६५ साली तिथून हलवला. तोही आता इथेच आहे.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा म्हणून उचलायला घेतला, यारी मोडली आणि हत्ती फुटला. १९१४ साली त्याचे तुकडे जोडले. मी ही हकिकत एका गृहस्थांना सांगितली. ते स्थापत्य अभियंते. ते हत्तीभोवती फिरून सांधे शोधू लागले, एवढं वजन तेव्हा कशाने तोललं असेल याचा हिशेब मला समजावू लागले, आणि मध्येच थांबून म्हणाले, ‘तुम्हाला कंटाळा येत असेल तर सांगा हं.’ मला अजिबात कंटाळा येत नव्हता. पण त्यांनी विचारलं, हे मला फार आवडलं.

बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतं. मे महिन्यात आणि नाताळच्या सुट्टीत पेंग्विन बघायला लहान मुलांची झुंबड उडते, तेव्हा जाऊ नये.

५. संपायची वेळ आधीच सांगावी.

‘अकरा ते एक, मग मला निघायचंय’ हे फोनवरच सांगते. कारण देत नाही. एकला भेट संपणार हे दोघांना ठाऊक असलं की नकोसं वाटणाऱ्यालाही दोन तास सौजन्याने काढता येतात, आणि हवंसं वाटलं तर ‘अजून थोडं थांबू या का?’ असं विचारण्यात खरा अर्थ येतो. तो प्रश्न ऐकायला फार छान वाटतं.

६. जेवण आधी ठरवू नये.

माटुंग्याची उडपी हॉटेलं मला प्रिय आहेत, पण शनिवारी बाहेर रांग असते आणि इडली संपली की टेबल रिकामं करावं लागतं. ओळख करून घ्यायची ती जागा नव्हे. आधी फिरावं, मग वाटलं तर खावं. मधुमेह असेल, गोळीची वेळ असेल, तर सरळ सांगावं; या वयात समोरच्यालाही काहीतरी असतंच. पैशांचं म्हणाल, तर राणीच्या बागेत कुटुंबाचं एकत्र तिकीट मिळतं. मी माझं वेगळं काढते. नंतर चहाचे पैसे त्यांनी दिले तर मनात हिशेब उरत नाही.

७. मुलांना सांगावं, परवानगी मागू नये.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुणाला भेटतेय, कुठे, किती वाजेपर्यंत, हे मुलीला ठाऊक असतं. लोकेशनही तिला पाठवून ठेवते. पहिल्यांदा तिला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘आई, निळी साडी नेस.’ त्या एका वाक्याचा मला किती आधार झाला, ते तिला अजून माहीत नाही. सगळ्यांची मुलं अशी नसतात. मुलाने महिनाभर अबोला धरलेली एक मैत्रीण मला माहीत आहे. तरीही तिने लपवलं नाही, आणि माझ्या मते तिने योग्यच केलं. लपवून भेटणाऱ्याचं अर्धं लक्ष फोनकडे असतं, ते समोरच्याला कळतं.

घरचा पत्ता पहिल्या भेटीत देऊ नये, आणि त्यांच्या गाडीतून परतू नये. स्टेशनवर निरोप घ्यावा.

८. दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत.

घटस्फोटाचा निकाल लागलाय की दावा अजून कोर्टात आहे? घरात कुणाकुणाची जबाबदारी आहे? दुसऱ्या प्रश्नाला ‘आई आहे, ब्याऐंशी वर्षांची, माझ्याजवळच राहते’ असं उत्तर मिळालं की मला बरं वाटतं. जुन्या जोडीदाराबद्दल दोन वाक्यं पुरे, त्यांच्या आणि माझ्याही बाजूने. दिवंगत पत्नीची आठवण निघाली तर मात्र मी घड्याळ बघत नाही. ज्याने प्रेमाने संसार केला, त्याला ते सांगू द्यावं.

भेटीआधी किंवा भेटीत कुणी पैसे मागितले, कारण कितीही करुण असो, तर विषय तिथेच संपवावा. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर लाजत बसू नये, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

९. त्याच संध्याकाळी कळवावं.

उत्तर न देता गप्प होणं मला या वयात क्रूर वाटतं. समोरचा माणूसही इस्त्रीचा शर्ट घालून, धीर एकवटून आलेला असतो. नकार असेल तर मी लिहिते, ‘तुम्हाला भेटून बरं वाटलं, पण पुढे भेटावं असं मला वाटत नाही. तुम्हाला मनापासून शुभेच्छा.’ कारणांची यादी देत नाही. होकार असेल तर ‘पुन्हा भेटायला आवडेल’ एवढंच लिहून थांबते, पुढची जागा आणि दिवस त्यांना सुचवू देते. अभियंत्यांनी नेहरू विज्ञान केंद्र सुचवलं होतं.