मार्चच्या उन्हाचे चौदा दिवस

२० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात आणि सूर्य उत्तरेकडे येऊ लागतो. यवतमाळात तो बरोबर डोक्यावर येतो मेच्या तिसऱ्या आठवड्यात, त्यामुळे उन्हाची काळजीही आपण मेवर ढकलतो. मेमध्ये ऊन जास्त खरं, पण तोवर शरीर थोडंफार तयार झालेलं असतं. होळी ते पाडव्याच्या दिवसांत ते तयार नसतं.

उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर आणि जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. वाग्भटांनी अष्टांगहृदयात सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि नव्या ऋतूचे पहिले सात दिवस ऋतुसंधीचे मानले आणि राहणी हळूहळू बदलायला सांगितली. मी ॲलोपॅथीचा डॉक्टर. तरी हा हिशेब मला पटतो.

तेव्हा हरभरा सोंगायचा असो की पऱ्हाटी उपटायची, सुरुवातीला पहाटे लागा, अकराच्या आत सावली धरा, उन्हातला वेळ रोज थोडा वाढवा. मोहफुलं वेचणाऱ्या बाया अंधारातच निघतात. फुलं पहाटे गळतात म्हणून, पण शरीरालाही तीच वेळ मानवते. पुण्याहून सणाला आलेल्या पोरांनी मात्र पहिल्याच दुपारी वावरात मर्दुमकी दाखवू नये!

पळसाच्या फुलांच्या पाण्याने मुलांना खुशाल आंघोळ घाला. गारवा पाण्याचा असतो, त्याने वर्षभराचं ऊन टळत नाही. खिशातल्या कांद्याचंही तेच. तो भाकरीबरोबर खा. पाडव्याला कडुलिंबाची चार पानं चालतील, पण त्याचं तेल लहान मुलांना कधीही पाजू नका. गाठी मधुमेह्यांनी पोरांच्याच गळ्यात राहू द्यावी. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेत असाल, तर आताच डॉक्टरांना भेटा. मनाने बंद करू नका.

घामाने थकवा आला तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या, चमचा चहाचा.

अंग भाजतंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा झोकांड्या खातोय, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. १०८ला फोन करा. तोवर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.