वर्गणीदारांची यादी एक्सेलमधून जीमेलमध्ये

गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती 1893 पासूनचा, लालबागच्या राजाचं मंडळ 1934 चं. या दोन ठिकाणांच्या मधल्या वाड्या-गल्ल्यांतल्या मंडळांची वर्गणी वर्षानुवर्षं दारोदार फिरूनच गोळा झाली. पावती पुस्तक, खाली कार्बन आणि चार जिने चढायची तयारी एवढं पुरायचं, कारण देणारे तिथेच राहायचे. आता नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, गिरगावातल्या कितीतरी वाड्यांत टॉवर उभे राहिलेत. जुनी बिऱ्हाडं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली, मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. त्यांच्यापर्यंत पाद्यपूजनाचं निमंत्रण आणि वर्षाचा जमाखर्च पोचवायचा तर ई-मेलसारखा स्वस्त मार्ग नाही. व्हॉट्सअ‍ॅप आहेच, पण तिथे जमाखर्चाची पीडीएफ सुप्रभातच्या फुलांखाली तासाभरात गाडली जाते.

यादी बहुतेक मंडळांकडे असते आणि ती एक्सेलमध्येच असते. ती जीमेलमध्ये चढवणं पाच मिनिटांचं काम आहे. सगळी मेहनत आहे ती त्याआधी, एक्सेलमध्येच. म्हणून हे काम कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या अंगावर टाकून मोकळे होऊ नका. त्याच्या शेजारी जुन्या खजिनदारांना खुर्ची द्या. कॉम्प्युटर त्याला कळतो, माणसं त्यांना.

सुरुवात खात्यापासून. यादी सचिवांच्या खासगी जीमेलमध्ये कधीही चढवू नका. त्यांच्या फोनमध्ये इस्त्रीवाला आणि सासुरवाडी यांच्या मधोमध तुमचे पाचशे वर्गणीदार जाऊन बसतील, आणि पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली की यादी त्यांच्याबरोबर जाईल. मंडळाच्या नावाचं वेगळं खातं उघडा. पासवर्ड अध्यक्ष आणि खजिनदार दोघांकडे असू द्या.

मग एक्सेलच्या मूळ फाइलची प्रत करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करा.

प्रतीतले रंग आधी बघा. आपल्याकडे याद्या रंगांनी बोलतात: लाल ओळ म्हणजे गृहस्थ वारले, पिवळी म्हणजे खोली विकून गेले, मधोमध रेघ मारलेली म्हणजे पुन्हा विचारू नका. आपल्याला यादी ज्या सीएसव्ही प्रकारात न्यायची आहे, त्यात फक्त मजकूर जातो. रंग, रेघा, कॉमेंट सगळं गळून पडतं, आणि कै. झालेल्या माणसाच्या नावे ‘सहकुटुंब येण्याचे करावे’ असं निमंत्रण घरी जातं. ते पत्र उघडणाऱ्या मुलाला काय वाटेल ते सांगायला नको. म्हणून ‘स्थिती’ नावाचा एक कॉलम घाला, खजिनदारांना ओळ न् ओळ विचारून त्यात शब्दांत लिहा, आणि ज्यांना पत्र जायचं नाही त्या ओळी प्रतीतून काढा. सीएसव्हीत समोर उघडी असलेली एकच शीट जाते, हेही ध्यानात ठेवा. ‘ए विंग’, ‘बी विंग’, ‘बाहेरचे’ अशा वेगळ्या शीट असतील तर आधी एकाखाली एक जोडून घ्या.

यानंतर फॉन्ट. यादी जुनी असेल आणि डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली असेल, तर ती श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. ओळखायची युक्ती सोपी: नावाच्या एका घरावर जाऊन फॉन्ट बदला, मंगल किंवा एरियल करा. मराठी तशीच राहिली तर ती युनिकोड, काळजी नाही. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसला तर आत मराठी नव्हतीच, फॉन्टने ती नुसती दाखवली होती. जीमेलमध्ये तो चिवडाच जाईल. अशा फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात, पण त्यांत पूर्ण यादी ओतू नका. लोकांचे मोबाइल नंबर अनोळखी साइटला द्यायचं कारण नाही, नावांचा कॉलम तेवढा द्या. रूपांतर झालं की रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, म्हात्रे, कुर्ले, श्रीकृष्ण अशा ठिकाणी हमखास मोडतोड होते. नावं शंभर-दीडशेच असतील तर सरळ नव्याने टाइप करा. तेच लवकर होतं.

नावं तोडताना मराठी पद्धत आड येते. पावतीवर आडनाव आधी, जीमेलला पहिलं नाव आधी हवं. एक्सेलच्या ‘डेटा’मध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ आहे, ते मोकळ्या जागेवर नाव तोडून तीन कॉलम करतं. त्याआधी श्री., सौ., डॉ. ‘फाइंड अँड रिप्लेस’ने काढा, नाहीतर श्री. हेच पहिलं नाव होऊन बसतं. ‘श्री. व सौ.’ आणि चार शब्दांची नावं हाताने करावी लागतील.

फोन नंबर हा एक्सेलचा खास छळ. +91 लावून नंबर लिहिला की एक्सेल अधिक चिन्ह खातं, आणि घरात नंबराऐवजी 9.19 ई+11 असं काहीतरी दिसायला लागतं. त्या अवस्थेत सीएसव्ही केलं तर फाइलमध्येही तेच जातं, उरलेले आकडे गेले ते गेले. कॉलम निवडून ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘नंबर’ करा आणि दशांश शून्य ठेवा, म्हणजे पूर्ण नंबर परत दिसेल. लँडलाइनच्या 022 मधलं पुढचं शून्य असंच गायब झालेलं असतं. नवीन नंबर भरायचे असतील तर कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मग भरा.

ई-मेलच्या कॉलममध्ये तीन गोष्टी शोधा: आगंतुक स्पेस (‘ट्रिम’ हे सूत्र ती काढतं), डॉट कॉमचं डॉट कॉन झालेलं, आणि एका घरात स्लॅश देऊन लिहिलेले दोन पत्ते. दुसरा पत्ता वेगळ्या कॉलममध्ये न्या. ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ मात्र ई-मेलवर डोळे झाकून चालवू नका. आजोबा, काका आणि आई तिघांच्या नावापुढे एकाच मुलाचा पत्ता असणं आपल्याकडे अगदी रोजचं. डुप्लिकेट म्हणून काढलेला माणूस प्रत्यक्षात वेगळी पावती फाडणारा असतो.

आता वरची ओळ. ‘नाव’, ‘आडनाव’, ‘मेल’ असे मराठी मथळे गूगलला ओळखता येत नाहीत. मथळे पाठ करण्याऐवजी असं करा: मंडळाच्या खात्यातून गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, एक माणूस हाताने भरा, नाव, मधलं नाव, आडनाव, मेल, फोन आणि एक लेबल यांसकट, आणि ‘एक्स्पोर्ट’मध्ये ‘गूगल सीएसव्ही’ निवडून तो उतरवा. त्या फाइलची पहिली ओळ जशीच्या तशी, इंग्रजीतच, उचलून तुमच्या यादीवर ठेवा आणि आपले कॉलम त्याखाली बसवा. लेबलच्या कॉलममध्ये ‘वाडीतले’, ‘बाहेरगावचे’, ‘देणगीदार’ असं आधीच लिहिलंत तर गट आपोआप पडतात. कोणी किती वर्गणी दिली हा कॉलम इथे काढून टाका, पत्र पाठवायला तो लागत नाही.

‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच प्रकार निवडा. नुसतं सीएसव्ही निवडलं तर प्रत्येक मराठी नावाची प्रश्नचिन्हं होतात. जुन्या एक्सेलमध्ये हा पर्याय नसेल तर फाइल गूगल शीट्समध्ये उघडून तिथून सीएसव्ही उतरवा. झालेली फाइल तपासायला पुन्हा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, नंबर परत बिघडतील. नोटपॅडमध्ये बघा.

चढवताना आधी पाचच ओळींची फाइल करा. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये डावीकडे ‘इम्पोर्ट’, फाइल निवडा, झालं. पाचही जण नीट दिसले तर पूर्ण फाइल द्या. एका वेळी 3,000 नावं जातात, कोणत्याही वाडीला पुरेशी आहेत. आलेल्या सगळ्यांना गूगल त्या दिवसाच्या तारखेचं लेबल लावतं. घोटाळा झाला तर ते लेबल उघडून सगळे निवडा आणि पुसा. सेटिंग्जमधलं ‘अनडू चेंजेस’ही आहे, 30 दिवसांपर्यंत मागे नेतं, पण मधल्या काळात हाताने केलेल्या दुरुस्त्याही पुसतं.

आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरणाऱ्यांनीही हीच फाइल वापरावी. तिथे इम्पोर्ट करताना कुठला कॉलम कशात बसवायचा हे बहुधा विचारलं जातं, त्यामुळे मथळ्यांची कटकट कमी.

पत्र पाठवताना ‘टू’मध्ये मंडळाचाच पत्ता घाला आणि ‘बीसीसी’त लेबलचं नाव टाइप करा, सगळा गट येतो. ‘टू’ किंवा ‘सीसी’त गट घातला तर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसतो, आणि कोणीतरी ‘रिप्लाय ऑल’ करून ‘मोरया’ म्हटलं की दिवसभर मोरया चालू राहतं. साध्या जीमेलवरून दिवसाला 500 पत्त्यांपर्यंतच पत्र जातं, यादी मोठी असेल तर आज एक लेबल, उद्या दुसरं. परत आलेली पत्रं दुसऱ्या दिवशी बघून ते पत्ते दुरुस्त करा. पत्राच्या तळाशी ‘पत्र नको असल्यास कळवावे’ ही ओळ असू द्या, आणि कोणी कळवलं तर त्याचं नाव खरोखर काढा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला आहे, पण कायदा नसता तरी हे करायला हवंच होतं.

आणि ती मूळ एक्सेल फाइल कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असेल तर ग्रुप अ‍ॅडमिनला सांगून आजच काढायला लावा. घराघरातल्या माणसांचे मोबाइल, पत्ते आणि वर्गणीचे आकडे त्यात आहेत.