अफरवटच्या माथ्यावरून स्कीने उतरावं का?

प्रश्न : फेब्रुवारीत चार दिवस गुलमर्गला पहिल्यांदाच स्कीइंग शिकायला जातो आहे. शेवटच्या दिवशी तिथल्या अफरवट शिखराच्या माथ्यावरून स्कीने खाली उतरता येईल का?

उत्तर : माथ्यावर हवामान पाहून जरूर जा, पण परतताना गोंडोलातच, म्हणजे केबल कारमध्येच बसा. गुलमर्गचं पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे, गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटवर ३,९०० मीटरच्या पुढे संपतो. तिथला उतार यंत्राने दाबून एकसारखा केलेला नसतो. चार दिवसांत नवशिक्याला जमतं ते स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून वेग आवरणं. खोल, भुसभुशीत बर्फात ही युक्ती चालत नाही. शिवाय हिमस्खलनाचा धोका खराच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला.

सोबत गाइड असेल तर, असं तुम्ही म्हणाल. गाइड सुरक्षित वाट निवडेल, पण थकलेल्या पायांनी वळायचं तुम्हालाच आहे. मग एवढा खर्च करून पायथ्याशीच राहायचं? हो, कारण गोल्फ मैदानाजवळच्या सौम्य उतारावर तेच वळण दिवसभर पुन्हा पुन्हा गिरवता येतं, आणि स्कीइंग अंगात मुरतं ते तसंच. पैसे वाचवायचेच असतील तर कशातही वाचवा, प्रशिक्षकात नको.