डब्यातील लोह आणि लिंबाची फोड

मधल्या सुट्टीत डबे उघडले की पदार्थांची देवाणघेवाण सुरू होते. या गमतीत विज्ञानही आहे. समजा, तुमच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी आहे. दोन्हींत लोह असते. पण ते मुख्यतः फेरिक रूपात असल्याने आतड्यात त्याचा थोडाच भाग शोषला जातो. शेजारच्या मैत्रिणीने लिंबाची फोड किंवा पेरू दिला, तर त्यातील क जीवनसत्त्व या लोहाचे फेरस रूप करते आणि शोषण वाढते. उष्णतेने हे जीवनसत्त्व नाश पावते. म्हणून लिंबू जेवतानाच पिळावे. जेवणाबरोबरचा चहा मात्र लोहाचे शोषण कमी करतो.

लोहाशिवाय रक्तातील हीमोग्लोबिन तयार होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षे वयाच्या दर १०० मुलींपैकी सुमारे ५९ जणींना रक्तक्षय आढळला. लवकर दम लागत असेल, सतत थकवा येत असेल, तर केवळ लिंबावर विसंबू नका. रक्त तपासून घ्या.

आता एक आठवडा वर्गातील डब्यांची नोंद ठेवा. लोह कोणाच्या डब्यात आहे आणि क जीवनसत्त्व कोणाच्या? त्याप्रमाणे शेजारी बसून जेवा!