अळंबीची कॅप्सूल आणि साखरेची गोळी

चि. मृणाल हिस,


औषधांच्या दुकानाचा जम बसतोय हे वाचून बरं वाटलं. अळंबीच्या कॅप्सूलचा डबा ठेवावा का, असं विचारलंयस. वितरक मार्जिन भरघोस देतोय आणि गिऱ्हाईक 'साखरेवर रामबाण' म्हणून मागतंय. ठेवायचं की नाही ते तू ठरव, पण काउंटरवर काय सांगायचं ते आधी पक्कं कर.

अळंबीत काही दम नाही, असं मात्र म्हणू नकोस. तिच्यातल्या बीटा-ग्लुकन, ट्रायटर्पीन अशा घटकांवर पुष्कळ काम झालंय. परीक्षानळीत तिचे काही घटक अल्फा-ग्लुकोसायडेज हे आतड्यातलं विकर अडवतात. हे विकर अडलं की पिठूळ अन्नाची साखर सावकाश होते. तुझ्या कपाटातली व्होग्लिबोज ही मधुमेहाची गोळी हेच करते. तिचंच भावंड असलेलं अकार्बोज तर मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. तेव्हा निसर्गातून औषध येतं यात वाद नाही. ते औषध ठरतं मात्रा ठरल्यावर आणि माणसांवर पारखल्यावर.

इथेच अळंबी अजून कच्ची आहे. तैवानमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ७२ रुग्णांवर ॲगॅरिकस ब्लाझेईच्या अर्काची १२ आठवडे चाचणी झाली. अर्क घेणाऱ्यांचा इन्शुलिन-प्रतिरोध कमी झाला. पण त्यांचं मेटफॉर्मिन आणि ग्लिक्लाझाइड चालूच होतं, हे जाहिरातवाले सांगत नाहीत. रेशी म्हणजे गॅनोडर्मा, सध्या सगळ्यात खपणारी. ती ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ८४ जणांवर १६ आठवडे पाहिली, तर एचबीए१सीमध्ये, म्हणजे सरासरी साखरेच्या मापात, फरक पडला नाही.

ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणारे एखादे काका कॅप्सूल मागायला आले, तर आधी त्यांची चिठ्ठी बघ. दोन्हींचा जोर एकत्र आला तर साखर फार उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं त्यांना समजावून सांग. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज रेशी देऊच नकोस. आणि कोणी 'आता गोळी बंद केली तरी चालेल ना?' असं विचारलं, तर 'नाही' हे स्पष्ट सांग. त्यात भीड नको.

ताटातल्या अळंबीला मात्र खुशाल हो म्हण. १०० ग्रॅम बटण अळंबीत जेमतेम २२ कॅलरी आणि तीनएक ग्रॅम कर्बोदकं असतात. बटाट्याच्या जागी धिंगरीची भाजी आणि सोबत भाकरी, हे मधुमेह्याला केव्हाही चांगलं. महागड्या डब्यापेक्षा स्वस्तही पडेल.

मार्जिन आज दिसतं, विश्वास कमवायला वर्षं जातात. गिऱ्हाइकाच्या हातात डबा देण्याआधी त्याच्या चालू गोळ्या विचारायच्या, एवढा नियम कधी मोडू नकोस.

तुझी,
आत्या