काठावरून मरळ धरताना: पिलांच्या घोळक्यावर गळ टाकू नका



आमच्या ग्वाल्हेरात समुद्र नाही, खाडी नाही, भरती-ओहोटी नाही. तरी रविवारी पहाटे तलावाच्या काठाला रॉड घेऊन उभी माणसं दिसतातच. लष्करातल्या मराठी घरांतली पोरंही त्यांत असतात. त्यांचा आम्हाला ठरलेला प्रश्न, "काठावरून मरळ कसा धरायचा?" जाळी टाकणाऱ्या घरांतून वेगळाच प्रश्न येतो, "हे रॉडवाले आमचा मरळ संपवणार की काय?" आजच्या धड्यात दोन्ही प्रश्न एकत्र घेतो, कारण दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे.

आधी मासा ओळखा

मरळ म्हणजे इथल्या बाजारातला सौल. सापासारखं चपटं डोकं, लांबट गोल अंग, पाठ काळपट, पोट पांढरट आणि कुशीवर तिरपे काळे पट्टे. काटे कमी, मांस घट्ट, म्हणून आजारातून उठलेल्या माणसाला आवर्जून देतात. बाजारात जिवंत विकला जातो आणि भावही चांगला मिळतो.

या माशाची एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकी सगळं समजतं. मरळ हवेत श्वास घेतो. नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही, थोड्या थोड्या वेळाने त्याला वर यावंच लागतं. म्हणूनच तो आटत्या डबक्यात टिकतो, चिखलात उन्हाळा काढतो, पावसात ओल्या गवतावरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. आणि म्हणूनच काठावरच्या माणसाला तो सापडतो.

कुठे शोधायचा

तिघऱ्यासारख्या मोठ्या धरणाच्या खोल, मोकळ्या पाण्यात मरळासाठी वेळ घालवू नका. तो उथळ पाण्याचा मासा. कमळाची पानं, जलपर्णी, बुडालेलं गवत, पडलेलं झाड, कालव्याच्या कडेची लव्हाळी या त्याच्या जागा. गुडघाभर पाणीसुद्धा त्याला पुरतं.

काठावर पोचल्याबरोबर गळ फेकू नका. दहा मिनिटं गप्प बसा आणि पाणी बघा. मरळ श्वासाला वर आला की हलकासा 'चुळूक' आवाज होतो आणि पाण्यावर एक कडं उमटतं. तीच त्याची जागा. पहाटे उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तो खायला फिरतो. भर दुपारी पानांच्या सावलीत पडून असतो.

पाय हळू टाका. काठावर धपधप चाललेलं त्याला लगेच कळतं. आपली सावलीही पाण्यावर पडू देऊ नका.

सामान

साडेसहा-सात फुटांचा जरा कडक रॉड, मध्यम रीळ आणि तीस-चाळीस पौंडांची विणलेली लाइन. लाइन बारीक घेतली तर मासा गवतात शिरतो, लाइन तुटते आणि तोंडात हुक घेऊन मासा जातो. त्यात आपला फायदा नाही आणि त्याचाही नाही.

आमिष म्हणून रबरी बेडूक सगळ्यांत सोयीचा. त्याचे हुक पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून ओढला तरी अडकत नाही. जिवंत बेडूक लावू नका. बेडकांच्या काही जाती कायद्याने संरक्षित आहेत, आणि रबरी बेडकाने काम भागतं. गांडूळ किंवा छोटी मासळीही चालते, पण त्यावर मरळ हुक खोल गिळतो आणि मग सोडायचा म्हटला तरी जगत नाही.

फेक आणि झटका

1. दिसलेल्या कड्यावर नेमका गळ टाकू नका. चार-पाच हात पलीकडे टाका आणि ओढत त्या जागेवरून आणा.
2. बेडूक दोन उड्या मारून थांबतो, तसंच आमिष ओढा, थांबवा, ओढा. बहुतेक वेळा थांबल्यावरच झडप येते.
3. झडप आली की लगेच झटका देऊ नका. नवशिका इथेच चुकतो. मनात "एक, दोन" म्हणा, लाइन ताणली गेली की मग जोरात झटका द्या.
4. मासा लागल्यावर त्याला गवतात शिरू देऊ नका. रॉड वर ठेवून सरळ काठाला आणा.
5. तोंडात बोट घालू नका, दात तीक्ष्ण असतात. ओल्या फडक्याने डोक्यामागे धरा आणि पक्कडीने हुक काढा.

सोडायचा असेल तर हुकाचं उलटं टोक आधीच पक्कडीने दाबून ठेवा आणि माशाला ओल्या हातानेच धरा. हुक फार खोल गेला असेल तर उपटू नका, लाइन तोंडाजवळ कापा.

आता मुख्य गोष्ट

पावसात मरळाची जोडी गवतात थोडी जागा साफ करते. अंडी तिथे पाण्यावर तरंगतात, दीड-दोन दिवसांत पिलं बाहेर पडतात. त्यानंतर काही आठवडे आई-बाप त्यांच्या खालून, सोबत फिरतात. पिलं केशरी-लालसर असतात आणि एका घोळक्याने वर येतात. लांबून बघितलं तर एवढ्याशाच जागेत पाऊस पडतोय असं वाटतं.

जुन्या गळवाल्यांना हे ठाऊक आहे की त्या घोळक्यावरून आमिष ओढलं की झडप येतेच. तेव्हा मरळाला भूक नसते. तो पिलांवर आलेला शत्रू हाकलत असतो. त्याला पकडणं सगळ्यांत सोपं असतं, आणि नुकसानही तेव्हाच सगळ्यांत मोठं होतं.

आम्हीही ते केलं आहे, लपवत नाही. एका वर्षी बंदी उठल्यावर, श्रावणात, एका गावतळ्यावर आमच्यातल्या एकाने अशाच घोळक्यावर गळ टाकला. दोन किलोची मादी आली. फोटो झाले, कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी तिथेच गेलो तर खंड्या आणि बगळे घोळक्यावर तुटून पडले होते. तिसऱ्या दिवशी पाण्यावर काही हलत नव्हतं. एका माशाच्या कालवणापायी शेकडो पिलं गेली. पुढच्या वर्षी त्या तळ्यावर आम्ही सकाळभर उभे राहिलो, एक कडं दिसलं नाही.

कायदा कुठवर पुरतो

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. मोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ज्या लहान तळ्यांचा कुठल्याही नदीशी संबंध नाही, त्यांना ही बंदी लागू नाही. मरळ राहतो तो नेमका अशाच तळ्यांत. शिवाय 15 ऑगस्टनंतरही पाण्यावर घोळके दिसतात. म्हणजे कायद्याची तारीख एक आणि माशाचं वेळापत्रक दुसरं. मधली जागा आपल्यालाच सांभाळायची आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 'स्ट्राइप्ड बास' नावाचा असाच पट्टेवाला मासा आहे. तोही लोक काठावरून रॉडने धरतात. 1970 च्या दशकाच्या शेवटी तो झपाट्याने कमी झाला. मेरीलँड राज्याने 1985 ते 1990 त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. 1995 मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. आता तिथे समुद्रकिनारी हौशी माणसाने दिवसाला एकच मासा ठेवायचा, तोही 28 ते 31 इंचांमधला. लहान सोडायचा, आणि मोठी अंडी देणारी मादीही सोडायची. तिथल्या लोकांना पाच वर्षं हात बांधून बसावं लागलं. आपल्यावर ती वेळ का यावी?

आमचे चार नियम

- केशरी घोळका दिसला की तिथून गळ उचलायचा. तारीख कुठलीही असो.
- एक फुटाखालचा मरळ परत पाण्यात.
- घरापुरते दोन मासे, पुरे.
- तलावाचा पट्टा ज्या समितीकडे असेल तिला विचारल्याशिवाय काठाला उभं राहायचं नाही. ते पाणी कुणाचं तरी पोट आहे.

जाळी आणि नाववाल्या भावांसाठी

घोळका दिसला तर त्या कोपऱ्यात जाळं लावू नका, पोरांना पाग टाकू देऊ नका. दुसरं, पाण्याखाली अडकलेल्या मरळाला हवा मिळाली नाही तर तो गुदमरून मरतो, आणि मेलेल्या मरळाला जिवंताचा भाव येत नाही. जाळं रात्रभर ठेवण्यापेक्षा दोन-तीनदा बघा. नेताना डबा काठोकाठ भरू नका. थोडंसं पाणी, वर हवेला जागा आणि झाकण घट्ट. उडी मारण्यात तो पटाईत आहे.

जिवाची काळजी

चंबळ अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे, तिकडे रॉड नेऊच नका. या भागातल्या मोठ्या पाण्यात मगर असू शकते, म्हणून कमरेएवढ्या पाण्यात उतरून गळ टाकू नका. पावसात धरणाच्या खालच्या पात्रात उभं राहू नका, दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने वाढतं. तिघरा 1917 मध्ये फुटलं होतं, त्याच्या पायाच्या दगडातून पाणी झिरपलं होतं. पाण्याला गृहीत धरू नये, एवढं त्यातून घ्यावं.

विदर्भातल्या मामा तलावांवर राहणाऱ्या आपल्या वाचकांकडेही हाच मरळ आहे. त्यांनाही हे लागू.

या पावसात पोरांना काठावर जरूर न्या. पण आधी रॉड देऊ नका. आधी तो केशरी घोळका दाखवा आणि त्याच्याखाली फिरणारी काळी सावली दाखवा. ती ओळखता आली की मग गळ हातात द्या.